लग्नाच्या शूटिंगसाठी व्यावसायिक माणूस लावावा का? माझं मत: लावू नये

उंबरठा

गेल्या आठवड्यात धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि घरात पहिला विषय निघाला तो शूटिंगचा. मी म्हटलं, नको. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण १४ महिन्यांपूर्वी माझ्या स्वतःच्या लग्नात शूटिंगसाठी सगळ्यात जास्त हट्ट मीच धरला होता. काय घडलं ते सविस्तर सांगते. तुमचं मत माझ्या विरोधात असेल तर तेही वाचायचं आहे.

आमच्याकडे तीन कॅमेरे होते आणि एक ड्रोन. माणसं पाच. वेळेवर आली, कुणाशी उद्धटपणे वागली नाहीत, कामात तरबेज होती. त्यांनी दिलेली फिल्म ४ मिनिटं ४० सेकंदांची आहे आणि देखणी आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रडू आलं. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा लक्षात आलं की तिच्यात कुणीच बोलत नाही. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत फक्त संगीत.

आम्ही एकमेकांना द्यायची वचनं स्वतः तयार केली होती. माझी मी तीन आठवडे लिहीत होते, रोज एखादा शब्द खोडून. त्याने त्याची मला आधी सांगितली नव्हती. त्याच्या हातात कागदही नव्हता, तो मनातलं बोलला. मला त्यातलं पहिलं वाक्य आठवतं आणि शेवटचं आठवतं. मधलं काहीच नाही, कारण तेव्हा माझ्या कानांत नुसती छातीची धडधड ऐकू येत होती. मी स्वतःला समजावलं होतं की काळजी नको, कॅमेरा चालू आहे. फिल्ममध्ये तो बोलताना दिसतो. ओठ हलतात, डोळे भरतात, मागे व्हायोलिन वाजतं. तो काय बोलला ते मात्र नाही. आता नेमकं त्यालाही आठवत नाही.

मी मूळ फुटेज मागितलं. फिल्म हाती दिल्यापासून ९० दिवसांनी ते पुसलं जातं, असं उत्तर आलं. करारात तसं लिहिलेलं होतं, आणि आम्ही सही केली होती.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागली. आम्ही दोघं हॉलमध्ये शिरतानाचा प्रसंग त्यांनी तीनदा करायला लावला. पहिल्या वेळी आजी खुर्चीचा हात धरून उठून उभी राहिली होती. तिचे गुडघे दुखतात, तरी उठली. तिसऱ्या वेळी ती बसूनच होती. फिल्ममध्ये तिसरी वेळ आहे.

म्हणून दिराला मी सांगितलं, पाहुण्यांचे फोन पुरे. चार मावसभावंडं आपापल्या जागेवरून जे टिपतील ते वेडंवाकडं असेल, पण खरं असेल.

कातरी

मी लग्नाच्या फिल्मांचं संकलन करतो. ९ वर्षं हेच काम आहे, तेव्हा माझी बाजू कोणती हे आधीच सांगून टाकतो.

उंबरठाताई, एक विचारायचं आहे. वचनांच्या तुकड्यात तुमच्या नवऱ्याची हालचाल संथ आहे का? ओठ सावकाश हलतात, पापणी सावकाश मिटते, असं? असेल तर मला वाटतं घोळ कुठे झाला ते कळलं. स्लो मोशनसाठी सेकंदाला ५० किंवा १०० चित्रं घेतात आणि ती २५ च्या गतीने दाखवतात, म्हणून हालचाल अर्धी किंवा पाव वेगाची दिसते. बऱ्याच कॅमेऱ्यांत या खास मोडवर गेलं की आवाज रेकॉर्डच होत नाही. म्हणजे तो आवाज नंतर काढून टाकला असं नसेल, मुळात घेतलाच गेला नसेल. अशा वेळी दुसरा कॅमेरा साध्या गतीवर चालू ठेवायचा असतो आणि बोलणाऱ्याच्या कपड्यावर छोटा माइक लावायचा असतो. दोन्हीपैकी काहीच झालं नसेल, तर ती कामातली सरळ चूक आहे. मी तिचं समर्थन करणार नाही.

पण यावरून पाहुण्यांचे फोन पुरे, हे मला मान्य नाही, आणि तेही आवाजामुळेच. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो. छातीवरचा माइक तोंडापासून एका वितीवर असतो. तिसऱ्या रांगेतल्या मावसभावाचा फोन सहा-सात मीटरवर. हॉलमध्ये भिंतींवरून परत येणारा घुमारा असतो, शेजारच्या बाळाचं रडणं असतं, खुर्च्यांचे पाय फरशीवर घासत असतात. फोनला यातलं काय महत्त्वाचं ते कळत नाही, तो सगळं सारखंच उचलतो. तुम्हाला जे हवं होतं ते त्याच्याकडून मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे.

अजून एक. फोन ऐन वेळी दगा देतो. मेमरी भरते, तापला की बंद पडतो, कुणाचा तरी कॉल येतो. मागे उजेडाची खिडकी असली तर चेहरा काळा पडतो आणि तो स्वतःच उजेड कमी-जास्त करत बसतो. माझ्याकडे नातेवाइकांचे फोनवरचे व्हिडिओ जोडून द्या म्हणून कितीतरी लोक येतात. चाळीस तुकडे असतात, त्यातले तीस नाचाचे. वचनांचे दोन. त्यातल्या एकात मध्येच हात खाली जातो, कारण ती व्यक्ती डोळे पुसत असते. त्या हाताला मी दोष देत नाही. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा हात खाली जायलाच हवा. ज्याचा जाऊ नये असा एक माणूस तिथे लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आत येण्याचा प्रसंग तीनदा करायला लावणं मला अजिबात आवडत नाही. संकलन करताना मी तो प्रकार लगेच ओळखतो. पाहुण्यांचे चेहरे दुसऱ्या वेळी विझलेले असतात.

मधली बहीण

कातरी यांनी सांगितलेला तो खाली जाणारा हात माझा आहे असं वाटलं. माझा गेला नव्हता, हीच माझी तक्रार आहे.

ताईच्या लग्नात बाहेरचा माणूस नको म्हणून मला कॅमेरा दिला. मला आवड होती, हातही बरा होता, आणि मी नाही म्हणाले नाही. सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत मी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलं. ती रडली तेव्हा मी तिच्यापासून चार पावलांवर होते आणि फोकस बघत होते. आई मला हाक मारत होती, एका फोटोत ये म्हणून, आणि मी हाताने थांब म्हणत होते. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मी कुठेच नाही. एकदा फक्त आवाज आहे माझा, "जरा बाजूला व्हा ना."

ताईला ते रेकॉर्डिंग फार प्रिय आहे. तिला मी हे कधी बोललेले नाही.

उंबरठा, मावसभावंडांचे फोन पुरे म्हणताना त्या भावंडांचाही विचार करा. त्यांच्यासाठीही ते लग्न आहे. घरच्या माणसाला कामाला लावलं की खर्च वाचत नाही, तो एका माणसाच्या खात्यावर जातो, आणि ते माणूस बहुतेक वेळा नाही म्हणता न येणारं असतं.

शांतता

मी उंबरठांच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे. फुटेज चांगलं आलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं.

वर सगळे जण काय मिळालं आणि काय मिळालं नाही, याबद्दल बोलताहेत. त्या दिवशी तिथे काय होतं, याबद्दल बोलू या. मी गेल्या काही वर्षांत ज्या लग्नांना गेले त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मला नवरा-नवरीपेक्षा कॅमेरेवाल्यांच्या पाठी जास्त दिसल्या. डोळ्यांवर दिवे. समोरून सरकत जाणारा माणूस. वर घोंघावणारा ड्रोन, त्याखाली कुणाचं भाषण चाललेलं. पुढच्या रांगेत बसलेल्या वयस्कर माणसांना बाजूला मान काढून बघावं लागतं. ते लांबून, प्रवास करून आलेले असतात.

आणि कॅमेरा समोर असला की माणूस बदलतो. मिठी मारतानासुद्धा हनुवटी कुठे आहे याचं भान राहतं. उंबरठांच्या आजीचा प्रसंग तीनदा करायला लावला म्हणून बिघडला, पण एकदाच केला असता तरी दिवा, माइक आणि तिघं माणसं पुढे असताना तो तसाच्या तसा राहिला असता का? मला शंका आहे.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचं २०१४ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन मला इथे आठवतं. संग्रहालयात लोकांना फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्या वस्तूंचे फोटो काढले त्याच कमी आठवत होत्या. कॅमेरा ठेवील लक्षात, आपण नको. उंबरठांनी "काळजी नको, कॅमेरा चालू आहे" असं स्वतःला सांगितलं ना, मला त्या वाक्याची भीती वाटते. कॅमेरा नसता तर कदाचित त्यांनी ती वचनं कान देऊन ऐकली असती.

पानगळ

शांतता, त्याच संशोधनातला दुसरा भागही सांगायला हवा. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची आठवण घसरली नव्हती. २०१७ मध्ये बाराश, डील आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास आला. आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना दिसलेल्या गोष्टी अधिक चांगल्या आठवत होत्या, पण ऐकलेल्या गोष्टी कमी.

म्हणजे स्वतः फोन धरणारा पाहुणा नेमकं बोलणं विसरतो. मग त्याच्या हातातला फोन काढून घ्यायचा असेल, तर कुणीतरी एक माणूस नेमावाच लागेल. हे संशोधन फोन धरणाऱ्याबद्दल आहे, नवरीबद्दल नाही. तिच्या हातात कुठे कॅमेरा होता?

उंबरठा

शांतता, तुमचं वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. पण नाही, मी ती वचनं कॅमेऱ्यामुळे विसरले असं मला वाटत नाही. घाबरले होते म्हणून विसरले. हॉल रिकामा असता तरी हेच झालं असतं. त्या दिवशीच्या स्वतःच्या कानांवर माझा भरवसा नाही, म्हणून तर रेकॉर्डिंग हवं होतं.

कातरी, हो, तो तुकडा संथ आहे. आता पुन्हा पाहिला. पापणी मिटायला फार वेळ लागतो.

मधली बहीण, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी भावंडांना काम सांगतेय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मला वाटलं ते तसेही फोन काढतातच.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. चूक एका टीमची, असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. मी नंतर ओळखीच्या सहा-सात जोडप्यांच्या फिल्मा मागून पाहिल्या. सगळ्या चार ते सहा मिनिटांच्या, सगळ्यांत संगीत, सगळ्यांत बोलणं जवळपास शून्य. सगळ्यांच्या फिल्मा एकमेकांसारख्या दिसतात. चेहरे बदलले की झालं. हा धंदाच असा चालतो, आणि लोक तो ट्रेलर बघूनच माणूस निवडतात. मीही तसाच निवडला होता.

जुनी कॅसेट

पोरी, माझं वय ६३. आमचं लग्न १९८९ चं, व्हीएचएसवर. तीन तासांची कॅसेट, एक माणूस, एक कॅमेरा, एक भगभगीत दिवा. शांतता म्हणतात ते खरं आहे, त्या दिव्याने सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळं शूटिंग एकाच उंचीवरून. सलग वीस मिनिटं नुसते लोक येताहेत आणि बसताहेत. त्या काळी आम्ही म्हणायचो, काय कंटाळवाणं काम केलंय.

लग्नानंतर आम्ही ती दोनदा पाहिली असेल. मग कपाटात गेली. व्हीएचएसचे प्लेअर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तीही २०१६ च्या जुलैत थांबली, तेव्हा मुलाने घाईघाईने कॅसेट डिजिटल करून आणली. टेपवरचा थर वर्षागणिक विरत जातो, रंग थोडे वाहिलेत, कडेला चित्र थरथरतं. पण आहे.

आता ती कंटाळवाणी वीस मिनिटंच आम्ही सगळ्यात जास्त बघतो. कोण कुणाशेजारी बसलं. माझी आत्या आपल्या जाऊबाईंशी बोलतेय, ज्यांच्याशी तिचं म्हणे बोलणं नव्हतं. भाऊ अठरा वर्षांचा, चालताना अजून पाय आपटतो. मोठ्या भावाच्या लग्नात, १९७४ ला, कुणीतरी सुपर ८ चा कॅमेरा आणला होता. त्या फिल्मचं एक रीळ सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने ३ मिनिटं २० सेकंद चालतं, आणि आमचं तर मुकं होतं. त्या माणसाने बिचाऱ्याने निवडून निवडून, जे महत्त्वाचं तेवढंच घेतलं. नवरा, नवरी, हार, हात. वहिनी म्हणते, माझ्या वडिलांचा एक खांदा आला आहे, बाकी ते कुठेच नाहीत.

म्हणून माझं मत: माणूस लावावा, आणि त्याला सांगावं की कंटाळवाणं काढ. त्याला आज जे फालतू वाटेल ते काढ. पाहुण्याला ते काढायला सांगता येत नाही. तो आपल्या नवऱ्या-नवरीकडेच फोन धरणार.

दूरदेशी

जुनी कॅसेट यांच्याशी शंभर टक्के सहमत. धाकट्या भावाच्या लग्नाला मला सुट्टी मिळाली नाही, मी रुग्णालयात काम करते. मला आधी चार मिनिटांची फिल्म आली. छान होती, पण ती पाहून मी लग्नाला जाऊन आले असं वाटलं नाही. महिन्याभराने भावाने न कापलेलं मधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं, २ तास ५० मिनिटांचं. ते मी रात्रपाळीनंतर एका बैठकीत पाहिलं. मध्ये एक काका दहा मिनिटं माइक नीट करत होते. तेही पाहिलं. ते संपल्यावर मी भावाला फोन केला आणि आम्ही दोघं असं बोललो, जसं मी तिथे होते.

ते रेकॉर्डिंग तिपायीवर ठेवलेल्या, स्थिर कॅमेऱ्याने केलेलं होतं. फोनवर कुणी तीन तास हात धरून उभं राहत नाही.

शांतता

तिपायीवरचा एक स्थिर कॅमेरा, मागे एका कोपऱ्यात, दिव्याशिवाय, याला माझीसुद्धा हरकत नाही. पण एवढंच करायचं तर पाच माणसं कशाला? तुम्ही सगळे जे मागताय ते हे लोक विकतच नाहीत. ते ट्रेलर विकतात.

आणि एका गोष्टीवर अजून कुणीच बोललेलं नाही. पाहुण्यांना विचारतो कोण? माझ्या मुलीचा, ती तेव्हा पाच वर्षांची होती, नाचतानाचा तुकडा एका व्यावसायिकाने स्वतःच्या जाहिरातीत वापरला. लग्न आमच्या शेजाऱ्यांचं. मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. सांगितल्यावर त्यांनी तो काढला, हे खरं, पण तोवर तो हजारो लोकांनी पाहिला होता. घरच्या माणसाच्या फोनमधला व्हिडिओ घरात राहतो. व्यावसायिकासाठी तुमचं लग्न हा त्याच्या कामाचा नमुना असतो.

कातरी

शांतता, जाहिरातीबद्दल तुम्ही पूर्ण बरोबर आहात. लहान मुलांच्या बाबतीत तर तो प्रश्न विचाराधीनसुद्धा नसावा. लेखी परवानगीशिवाय एकही तुकडा कुठे टाकायचा नाही, असं करारात लिहून घ्यावं, आणि न लिहिणाऱ्याला काम देऊ नये. (घरच्या माणसाच्या फोनमधला व्हिडिओ घरात राहतो, याबद्दल मात्र मला तेवढी खात्री नाही. तो त्याच संध्याकाळी चार ग्रुपवर गेलेला असतो.)

ट्रेलरबद्दल. हो, आम्ही ट्रेलर विकतो, कारण तोच बघून लोक येतात. पण मागितलं तर लांब रेकॉर्डिंग जवळपास प्रत्येक जण देतो, आणि ते द्यायला आम्हाला मेहनत कमी लागते. मागत कुणी नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या कामांत दोन जोडप्यांनी मागितलं.

मूळ फुटेज आम्ही पुसतो ते का, तेही सांगतो. दर सेकंदाला १०० मेगाबिट या साध्या दर्जावर एका कॅमेऱ्याचा एक तास म्हणजे ४५ जीबी. तीन कॅमेरे सहा-सहा तास चालले की ८१० जीबी, एका लग्नाचे. प्रत नसलेली फाइल ही फाइल नाही असं आम्ही धरतो, म्हणून ते गुणिले दोन. वर्षभर साठवत राहणं छोट्या माणसाला झेपत नाही. पण याला साधा उपाय आहे: कोरी हार्ड डिस्क द्या, आणि फिल्मबरोबर सगळं मूळ फुटेज तिच्यावर हवं असं आधी ठरवा. जो देणार नाही म्हणेल त्याला कारण विचारा.

सव्वा महिना

माझं लग्न सव्वा महिन्यावर आहे. हा धागा वाचून झोप उडाली आहे, कारण आम्ही माणूस ठरवला तो एक ट्रेलर बघूनच. करार अजून सही केलेला नाही. त्यात नक्की काय बघू? आणि भेटीत त्याला काय विचारू म्हणजे कळेल की तो उंबरठांच्या लग्नात झालं तसं करणार नाही?

कातरी

ट्रेलर बाजूला ठेवून त्याला सांगा, तुझ्या एखाद्या जुन्या कामातलं, त्या जोडप्याची परवानगी असलेलं, सलग दहा मिनिटांचं बोलणं ऐकव. वचनं किंवा भाषण. हेडफोन लावून ऐका. ते ऐकून जेवढं कळेल तेवढं दहा ट्रेलर बघून कळणार नाही. त्याच्याकडे असं काही दाखवायला नसेल, तर तेही उत्तरच आहे.

मग विचारा, आवाज किती ठिकाणी रेकॉर्ड होणार? मी कमीत कमी दोन म्हणेन, एक बोलणाऱ्याच्या अंगावरचा माइक आणि एक हॉलच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेली तार. एकात खरखर आली तर दुसरा असतो. कपड्याचा घासला जाण्याचा आवाज माइकमध्ये फार येतो, म्हणून लग्नाचे कपडे घालून झाल्यावर अर्धा मिनिट बोलून बघायला लावा. आणि हॉलच्या साउंडवाल्याचं नाव आधी त्याच्यापर्यंत पोचवा. ही दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा भेटली की ऐन वेळी तारेचं टोक जुळत नाही.

कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का, हे विचारा. वचनं चालू असताना किमान एक कॅमेरा साध्या गतीवर, न हलवता, न थांबवता चालू राहणार हे लेखी घ्या. जुन्या काही फोटो कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद व्हायचं, तसा कॅमेरा अजून कुणी वापरत असेल तर ते लक्षात ठेवून पुन्हा चालू करायला माणूस जवळ असावा. हॉलमध्ये स्वस्तातले एलईडी दिवे असतील तर एकदा आधी जाऊन चाचणी घ्यायला सांगा. शटर आणि विजेच्या गतीचा मेळ बसला नाही की चित्रावर काळे पट्टे सरकत राहतात, आणि ते नंतर नीट निघत नाहीत.

करारात: मूळ फुटेज किती दिवस ठेवणार, प्रत केव्हा आणि कशावर देणार, तो आजारी पडला तर कोण येणार, कुठे काय टाकणार नाही. कुठलाही प्रसंग पुन्हा करायला सांगणार नाही, हेही लिहा. मी स्वतः हे वाक्य माझ्या करारात घालणार आहे, या धाग्यामुळे. आजीचा तो प्रसंग वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

मधली बहीण

आणि घरातल्या कुणालाही "तू थोडं थोडं घे गं" असं सांगू नका. ते थोडं राहत नाही.

कातरी

उंबरठाताई, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. पाहुण्यांपैकी कुणीतरी वचनांच्या वेळी फोनवर रेकॉर्ड केलं असेल का, हे एकदा सगळ्यांना विचारा. चित्र कसंही असू दे, आवाज हवा. तुमच्या फिल्ममधला तो संथ तुकडा ५० चित्रांवर घेतलेला असेल तर संकलनात त्याचा वेग दुप्पट केला की तो पुन्हा खऱ्या गतीला येईल. १०० वर असेल तर चौपट. मग ओठांवर फोनचा आवाज जुळवता येतो. हे कुणीही संकलक अर्ध्या तासात करून देईल, घरीसुद्धा जमेल. तुकडा मध्ये कापलेला नसला पाहिजे, एवढीच अट.

उंबरठा

चार दिवसांनी लिहितेय. विचारत गेले. बऱ्याच जणांकडे नाच होता. मामेसासऱ्यांकडे ६ मिनिटं निघाली, पाचव्या रांगेतून, पुढे कुणाचं तरी डोकं. ते फोन खिशात ठेवायला विसरले होते, म्हणून चालू राहिला, असं म्हणाले. आवाज आहे. लांबचा आहे, मध्ये कुणीतरी खोकतं, चार-पाच शब्द नीट कळत नाहीत. पण तोच बोलतोय.

फिल्ममधला तुकडा १८ सेकंदांचा होता. दुप्पट वेगाने ९ झाला. त्या ९ सेकंदांत दीड वाक्य बसलं. ओठ जुळले तेव्हा नवरा शेजारी होता, तो म्हणाला, "अरे, हे मी बोललो होतो होय." उरलेलं आम्ही फोनच्या रेकॉर्डिंगवरून कागदावर उतरवून काढलं. न कळलेल्या शब्दांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. माझ्याकडे आज जे आहे ते पाच तरबेज माणसांनी दिलेलं नाही, पाचव्या रांगेतल्या एका विसरलेल्या फोनने दिलंय. कातरी म्हणतील तो योगायोग होता, आणि दिराच्या लग्नात योगायोगावर विसंबू नये, हे मला पटतं. म्हणून काल घरी असं ठरलं: ड्रोन नाही, ट्रेलर नाही. मागे तिपायीवर एक कॅमेरा, त्याच्याजवळ एक व्यावसायिक माणूस, आणि दोघांच्या कपड्यांवर माइक. हार्ड डिस्क आम्ही देणार. शोधतोय असं काम घेणारा कुणी. आतापर्यंत दोघांनी नाही म्हटलं, एवढंच काम आम्ही घेत नाही म्हणाले.

आजीला पुढच्या रांगेत, कडेची खुर्ची द्यायची आहे. ती उठेल की नाही माहीत नाही, पण उठली तर तिच्या पुढे कुणी उभं नसेल.

शांतता

तिसरा हो म्हणाला तर इथे कळवा. माझ्या भाचीचं लग्न आहे.